एर्वीचा घास

१

जो कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नाही, त्याला जेवायला बोलवायचं झालं, तर सांगा, तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून हाक माराल?

सिल्वीकाला हा प्रश्न बसमध्ये पडला. मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत मुलाचा निळा कोट घडी करून ठेवला होता. बस नेहमीसारखी खड्ड्यांतून आदळत चालली होती, आणि पुढच्या बाकावरच्या दोघी बायका अंड्यांच्या टोपलीवरून आपसांत कुरकुरत होत्या. सेमिकचा गुरुवार. गेलेली माणसं या दिवशी आपापल्या घरी जेवायला येतात, म्हणून शहरात राहणारी मारी जमातीची सगळी माणसं टोपल्या भरून गावाकडे निघालेली.

सिल्वीका शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिच्या आईवडिलांनी हे जुने रिवाज कधीच सोडून दिले होते. नवरा होता तोवर तो दर सेमिकला एकटाच गावी जायचा आणि येताना मेणाचा वास अंगाला लावून यायचा. पुढे तोही गेला, गावच्या फरच्या झाडांखाली त्याला पुरलं, तेव्हासुद्धा सगळं नणंदेनेच केलं. सिल्वीका नुसती उभी होती.

आता नणंदेने, ओनाल्चेने, फोन करून बोलावलं होतं ते एर्वीसाठी.

एर्वी तिचा एकुलता एक मुलगा. उत्तरेला जंगलतोडीच्या कामावर गेला होता. पहिला बर्फ पडायच्या सुमारास परत निघाला, वाटेत एका मोठ्या स्टेशनावरून त्याने फोन केला, उद्या गाडी बदलतो म्हणाला. तो उद्या उजाडलाच नाही. सिल्वीकाने फोटो घेऊन पोलीस पाहिले, दवाखाने पाहिले, स्टेशनावरच्या चहावाल्या बायकांनासुद्धा विचारलं. हिवाळा सरला, नदीवरचा बर्फ फुटला, बर्चला पालवी आली. कागदावर तो हरवलेला होता. गावात मात्र लोक त्याच्याबद्दल ‘होता’ म्हणून बोलू लागले होते.

“सेमिकला ये,” ओनाल्चे फोनवर म्हणाल्या होत्या. “त्याचं करून टाकू.”

सिल्वीकाने रागाने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला. ओनाल्चे भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की ज्याला कुणी पोचवत नाही, तो कुंपणापाशी उभा राहतो. ना आत, ना बाहेर. तो तुझा मुलगा आहे तसा माझ्या भावाचाही आहे, त्याला असं उन्हापावसात उभं ठेववत नाही मला. मग जरा थांबून म्हणाल्या, “त्याचा कोट घालून कुणीतरी बसतं, वहिनी. त्याच्याशी बोलता येतं. जे राहिलं असेल ते.”

त्या एका वाक्यासाठी सिल्वीका बसमध्ये बसली होती. मुलगा मेला हे तिला मान्य नव्हतं. पण त्याच्याशी एकदा बोलायचं होतं.

२

ओनाल्चेंच्या घरात सकाळपासून घावन चालले होते. एकावर एक तीन थरांचे, वरून साय लावून भट्टीत लालसर केलेले. सिल्वीकाने पदर खोचावा तशी ॲप्रनची गाठ मारली आणि हातात उलथणं घेतलं. तिच्या हाताला सवय होती. पण पहिलाच घावन तिने ताटात काढला तेव्हा ओनाल्चेंनी तिचा हात धरला.

“आज सुरीने कापायचं नाही. हाताने तोडायचं. त्यांना धार चालत नाही.”

अशा कितीतरी गोष्टी त्या दिवशी तिला कळल्या. मेलेल्यांसाठी ओतताना पेला उलट्या हाताने धरायचा. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, तिथून ते येत असतात. ते जेवत असतील तेव्हा त्यांच्याकडे टक लावून पाहायचं नाही. जिवंत पाहुण्याच्याही घासाकडे आपण पाहत नाही, तसंच. ओनाल्चे सगळं सांगत होत्या, पण तुटक तुटक, हात चालू ठेवून. जन्मभर करत आलेल्या बाईला आपण काय काय करतो ते कुठे आठवतं? जे आठवेल ते त्या सांगत. बाकीचं कुणालाही माहीत असतं, असं धरून चालत.

दुपारनंतर वाफेचं न्हाणीघर तापवलं. ते अंगणाच्या कडेला, नेटलच्या खाजऱ्या झुडपांजवळ होतं. माणसांच्या आधी मेलेल्यांची अंघोळ. आत स्वच्छ टॉवेल मांडले, बर्चच्या डहाळ्यांची जुडी कोमट पाण्यात भिजत घातली, आणि दार लोटून सगळे बाहेर उभे राहिले. ओनाल्चे दाराला तोंड लावून एकेकाचं नाव घेऊ लागल्या. घरात बोलवावं तशा साध्या आवाजात. सिल्वीकाचा सासरा, सासू, धाकटा दीर, आणि नवरा यापिक. प्रत्येक नावानंतर त्या जरा थांबत, आणि आतलं लाकडी बाकडं करकरे. कुणीतरी बसल्यासारखं.

लाकूड आहे, तापलं की करकरतं, सिल्वीकाने स्वतःशी म्हटलं. शाळेतलं मोठं टेबलही भट्टीजवळ असंच करतं.

“एर्वी,” ओनाल्चे म्हणाल्या. “ये बाळा. पाणी तयार आहे.”

सगळे थांबले. आतून पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज आला, मग तोही नाही. बाकडं करकरलं नाही. ओनाल्चेंनी पुन्हा नाव घेतलं. मग डोक्यावरचा रुमाल सारखा करत त्या म्हणाल्या, की लाजतोय. पहिल्यांदा आलाय ना.

सिल्वीकाला त्या क्षणी जे वाटलं त्याची तिला नंतर फार लाज वाटली. तिला बरं वाटलं होतं.

३

कोट घालायला वेत्कान आला. गावातला ट्रॅक्टर चालवणारा. एर्वीच्याच उंचीचा, त्याच्याहून वयाने बराच मोठा, पण पाठमोरा पाहिला तर तसाच. हा मान त्याला नेहमी मिळायचा, कारण तो हसून खेळून करायचा. दारातच म्हणाला, “बायकोला सांगून आलोय, आज मी मेलेला आहे, आज काही काम सांगायचं नाही. तर म्हणते, इतर दिवशी तरी काय वेगळं असतं?”

सगळे हसले. सिल्वीकाही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण कित्येक महिन्यांत हसलो नव्हतो.

चाचावी आजी दाराजवळच्या जागी बसल्या होत्या. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. मेणबत्त्या लावायचं काम त्यांचं. पहिली मेणबत्ती पलीकडच्या जगाच्या कारभाऱ्याला, दुसरी त्याच्या हाताखालच्याला, म्हणजे ते आपल्या माणसांना घरी यायला मोकळं सोडतात. मग घरातल्या एकेकाच्या नावाची, लाकडी पाटीच्या काठावर चिकटवलेली. शेवटची एर्वीची. आपल्याच मधमाश्यांच्या मेणाच्या, सगळ्या एकाच हाताने वळलेल्या.

वेत्कानने कोट घातला आणि टेबलाच्या मानाच्या जागी बसला. त्याबरोबर घरातला सूर बदलला. त्याला आता कुणी वेत्कान म्हणेना. ओनाल्चेंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, किती वाळलास रे म्हणाल्या. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, तिकडे गवत कसं आहे यंदा? वेत्कान ठरल्याप्रमाणे उत्तरं देत होता. बरं आहे, बाबा भेटतात, काळजी करू नका. समोर घावन, उकडलेली अंडी, गोड दह्याच्या वड्या, पावाचं आंबूस पेय क्वास. प्रत्येकजण आपल्या ताटातला तुकडा तोडून मधल्या लांब लाकडी पात्रात टाकत होता, नाव घेऊन. एर्वीसाठी मात्र वेगळी वाटी होती. नव्या माणसाची वाटी वेगळी असते.

सिल्वीका मेणबत्त्यांकडे पाहत होती. बाकीच्या सगळ्या ओघळल्या होत्या, एका बाजूला झुकल्या होत्या. यापिकची तर अर्ध्यावर आली होती. एर्वीची जळत होती, ज्योतही चांगली होती, पण मेण ओघळत नव्हतं. वात उभी, मेणबत्ती आहे तेवढीच. भिंतीच्या फटीतून वारा येत असेल, तिने विचार केला. मग तिला वाटलं, वारा आला तर ओघळेल, न ओघळण्याशी वाऱ्याचा काय संबंध? तिने नजर काढून घेतली.

“बोल आता,” ओनाल्चेंनी तिला हळूच पुढे केलं. “तुझ्यासाठीच बसलाय.”

ती कोटाजवळ बसली. तिला बोलायचं होतं ते एवढंच होतं: शेवटच्या त्या हंगामात एर्वीने आधीच परत येऊ का म्हणून विचारलं होतं. पाठ दुखते, माणसं बरी नाहीत म्हणाला होता. आणि ती म्हणाली होती, पुरुषासारखा पुरुष, अर्ध्यावर काम टाकून येतोस? पुरं करून ये. तो बरं म्हणाला, पण त्या आवाजात. लहानपणी रागावला की तो भांडायचा नाही, ताट सरकवायचा. दिवसभर जेवायचा नाही. शेवटी तीच हरायची. स्टेशनावरून त्याने फोन केला तेव्हाही तो असाच दोन वाक्यं बोलला, आणि ती मनात म्हणाली, घरी आला की जेवू घालते, मग उतरेल.

हे सगळं तिने कोटाच्या बाहीला सांगितलं. चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तिचं झाल्यावर तिने बाहीवर कपाळ टेकवलं आणि वाट पाहिली. कशाची, तिलाही सांगता आलं नसतं.

वेत्कानने खाली वाकून तिच्या कानाशी कुजबुज केली. तो कोटातला माणूस म्हणून बोलत नव्हता, शेजारी म्हणून बोलत होता.

“वहिनी, राग मानू नका. पण कोट हलका आहे.”

“म्हणजे?”

“मी पुष्कळांचे घातलेत. घातला की खांदे भरून येतात. कुणीतरी मागून गळ्यात पडल्यासारखं.” त्याने ओशाळून बाही चाचपली. “हा नुसता कोट आहे.”

तिला वाटलं, रुसलाय. मी एवढं बोलले तरी आला नाही.

४

जेवण आटोपत आलं तसं चाचावी आजींनी पात्र आणि वाटी सिल्वीकाच्या हातात दिली. मेलेल्यांचं उष्टं कुत्र्यांना घालायचं. जे कुत्र्यांच्या पोटात जातं ते त्यांना पोचतं. कुत्री भांडली तर तिकडे त्यांच्यात भांडणं आहेत असं समजायचं, गुण्यागोविंदाने खाल्लं तर सगळं बरं आहे. एवढं ओनाल्चेंनी सकाळीच सांगितलं होतं. घालायला घरच्या बाईने एकटीनेच जायचं, कुणी खिडकीतून डोकवायचं नाही.

कोठीमागे गवतावर ती उतरली. सूर्य अजून वर होता. त्या दिवसांत तो मावळता मावळत नाही. कुत्री आधीच जमली होती. ओनाल्चेंची तपकिरी म्हातारी कुत्री, शेजारचे दोन काळे कुत्रे, आणि रस्त्यावरचं एक पांढरं पिल्लू. तिने लांब पात्र उपडं केलं. सगळी शेपट्या हलवत एका रांगेत खायला लागली, कुणी कुणावर गुरगुरलं नाही. यापिकच्या नावाचा मोठा तुकडा म्हातारीने अलगद उचलला आणि बाजूला नेऊन, पुढचे पाय पसरून, शांतपणे खाल्ला. यापिकही असाच जेवायचा. सिल्वीकाच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं आहे तर तुमचं, ती म्हणाली.

मग तिने वाटी ठेवली.

पांढरं पिल्लू धावत आलं, आणि वाटीपासून हातभर अंतरावर असं थांबलं, जसं कुणी दोरीने ओढलं असावं. त्याने मान वाकडी करून वाटीकडे पाहिलं. मग मागे सरलं. काळे आले, हुंगलं, आणि बाजूने निघून गेले. घावन होता त्यात, लोणी माखलेला, अंडं होतं, मांसाचा तुकडा होता.

“या रे,” सिल्वीका हलक्या आवाजात म्हणाली. “खा. चांगलं आहे.”

तिने एक तुकडा उचलून म्हातारीच्या तोंडाशी धरला. कुत्रीने तोंड फिरवलं. तिने दुसऱ्या बाजूने धरला. कुत्रीने तिच्या मनगटाला नाक लावलं, मनगट चाटलं, कीव आल्यासारखं, पण तुकड्याला शिवली नाही. मग चारही कुत्री जरा दूर जाऊन बसली. वाटीकडे नाही, सिल्वीकाकडे पाहत.

कुठे पानही हलत नव्हतं. घरातून बोलण्याचा आवाज येत होता, कुणीतरी पेला ठेवला.

पोटं भरली असतील, तिने स्वतःला सांगितलं. पण पिल्लाच्या बरगड्या दिसत होत्या. आणि तिच्या डोळ्यांसमोर ते जुनं ताट आलं, टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलेलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेला लहानगा एर्वी. अजून राग आहे. माझ्या हातचं खात नाही. एवढ्या लोकांसमोर मी त्याला बोलवलं, आणि तो माझ्या हातचं खात नाही.

आता आत जाऊन हे सांगायचं? सगळं गाव म्हणेल, पोराने आईचा घास नाकारला. काय केलं असेल हिने त्याला?

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग वाटी उचलली आणि कोठीमागच्या नेटलच्या झुडपांत रिकामी केली. बोटांनी पुसून घेतली. हाताला खाज सुटली. ती घरात आली तेव्हा चाचावी आजींनी दाराजवळूनच विचारलं.

“खाल्लं?”

“हो, आजी.”

“एर्वीचंही?”

“खाल्लं,” सिल्वीका म्हणाली. “चाटूनपुसून.”

आजींनी मान डोलावली, वाटी हातात घेऊन पाहिली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. “मग चला. पोचवू या.”

५

ओढ्यापर्यंत सगळे चालत गेले. पुढे वेत्कान कोटात, त्याच्या दोन्ही बाजूंना बायका हात धरून, मागे हार्मोनिका वाजवणारा म्हातारा. गाणं लग्नासारखं नव्हतं आणि रडण्यासारखंही नव्हतं. चालताना ठेका राहावा एवढंच. ओढ्यापलीकडे फरची काळी राई होती, तिच्यात दफनभूमी. सूर्य आता त्या झाडांच्या शेंड्यांवर टेकला होता.

पोचवायचे शब्द आईनेच म्हणायचे असतात. ज्या तोंडाने अंगाई म्हटली त्याच तोंडाने, असं आजी म्हणाल्या, आणि वाटेत त्यांनी ते तिच्याकडून घोकून घेतले. साधेच शब्द होते. त्यात कुठे मंत्र नव्हता की देवाचं नाव नव्हतं.

काठाशी सगळे थांबले. वेत्कान एकटा पुढे झाला, पाण्याच्या कडेला उभा राहिला, तोंड त्यांच्याकडे करून. त्याने सिल्वीकाला धीर द्यावा तसा डोळा मिचकावला. तो वेत्कानच होता. तिला ते बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या जोरावरच तिचा आवाज फुटला.

“खाल्लंस, प्यालास, न्हालास,” ती म्हणाली. “इथलं तुझं झालं. इथे आता तुझी जागा नाही.”

मागे बायका तेच शब्द पुटपुटत होत्या.

“आपल्या वाटेने जा. मागे वळू नकोस.” तिला थांबावंसं वाटलं. ओनाल्चेंनी तिच्या पाठीला हात लावला. “तिकडची जागा घे.”

सूर्य झाडांआड गेला.

वेत्कानचे खांदे एकदम खाली आले. तो पडतोय की काय म्हणून कुणीतरी पुढे सरलं, पण तो पडला नाही. त्याने डोळे मिटले होते. ते उघडले तेव्हा उजेडाला न सरावलेल्या माणसासारखे बारीक केले. त्याचा एक हात वर आला, नाकाशी गेला, आणि दोरा बाजूला करावा तसा तिथे काहीतरी चाचपू लागला. तिथे काहीच नव्हतं. तो सगळ्यांकडे पाहत गेला, एकेका तोंडावर थांबत. कुणाला ओळखत नव्हता. शेवटी नजर सिल्वीकाशी येऊन थांबली.

चेहरा वेत्कानचाच होता. मिशा, तुटलेला दात, सगळं. पण तो चेहरा तिच्याकडे ज्या तऱ्हेने पाहत होता, तसं तिच्याकडे जगात एकच माणूस पाहायचा. शाळेसाठी झोपेतून उठवल्यावर.

“आत्ता?” तो म्हणाला.

हार्मोनिका केव्हा थांबली ते कुणाला कळलं नाही. सिल्वीकाने तोंड उघडलं, पण मागे वळू नकोस म्हणून झाल्यावर पुन्हा काही म्हणायचं नसतं असं तिला सांगितलं होतं, आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. ती शहाण्यासारखी वागली.

मग वेत्कानने श्वास सोडला, घाईघाईने कोट काढला, फरच्या फांदीला अडकवला आणि शर्टाच्या बाह्या चोळत काठावर आला. थंडी वाजतेय म्हणाला. बायकांनी त्याला शालीत गुंडाळलं. तो काय बोलला असं कुणी विचारलं, तर म्हणाला, मी? मी कुठे काय बोललो?

६

परतताना चाचावी आजी तिच्या हाताला धरून चालत होत्या. त्यांना आता हलकं वाटत होतं, काम नीट पार पडलं म्हणून. त्या बोलत होत्या, आणि सिल्वीका अर्धवट ऐकत होती. कोट तिथेच राहू द्यायचा, वाऱ्यापावसाने झिजू द्यायचा. छान पोचला म्हणाल्या. असं नेहमीच होत नाही.

“माझ्या सासूच्या काळी एकदा सगळं आवरून ठेवावं लागलं होतं,” आजी म्हणाल्या. “लढाईवरून कागद आला होता, अमका पडला म्हणून. घावन झाले, कोट घातला, आणि कुत्री काही केल्या वाटीला शिवेनात.”

सिल्वीकाचं पाऊल थांबलं.

“मग?”

“मग काय? मेणबत्ती विझवली, कोट खुंटीला परत. त्याच्या आईने तर तिथेच नाचायला सुरुवात केली. जिवंत माणसाच्या वाटणीला कुत्रं तोंड लावत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दोन उन्हाळ्यांनी आला चालत, एक पाय ओढत. म्हणून तर आधी कुत्र्यांना विचारायचं, बाई, आणि मगच पोचवायचं. नाहीतर जित्याला आपणच...” आजींनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांनी सिल्वीकाचा हात सोडला होता आणि तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. “तू तर म्हणालीस, खाल्लं.”

सिल्वीका धावली. मागून ओनाल्चे वहिनी, वहिनी म्हणून ओरडत होत्या, पोचवल्यावर त्या वाटेने परत जायचं नसतं म्हणत होत्या. रस्ता उजळच होता. त्या दिवसांत काळोख उशिरापर्यंत होत नाही. तिच्या बुटांखाली खडी वाजत होती. तिच्या पाठोपाठ दुसऱ्या कुणाच्याही पायांचा आवाज नव्हता.

ओढ्याशी पोचताच तिने हाक मारली. नाव घेऊन, जे पोचवल्यावर मुळीच घ्यायचं नसतं. एर्वी, मागे फीर. मी खोटं बोलले. फीर, बाळा. पाणी वाहत होतं. पलीकडे झाडं एकमेकांना लागून उभी होती, त्यांच्यात काही हललं नाही.

कोट फांदीवर होता. मघाशी वेत्कानने सहज अडकवला तेव्हा ती फांदी तिच्या डोक्याच्या वर होती. आता ती वाकून तिच्या कमरेशी आली होती, आणि कोटाची टोकं गवताला टेकली होती.

ओला झाला असेल, तिने स्वतःशी म्हटलं. दव पडलं असेल. तिने हात लावला. कोट कोरडा होता. आणि आतून गरम होता, नुकताच अंगातून काढल्यासारखा.

तिने तो दोन्ही हातांनी काढू पाहिला. तिचे हात शाळेतली पन्नास मुलांच्या रशाची पातेली उचलणारे. कोट उचलेना. जड होता, झोपी गेलेलं मोठं मूल जड होतं तसा, सगळं अंग सोडून दिलेलं. तिने खाली बसून त्याला मांडीवर ओढून घेतलं. बाही तिच्या खांद्यावरून मागे पडली. कॉलर तिच्या मानेशी आली, आणि तिथे, कानाच्या अगदी खाली, तिला ऊब लागली आणि थांबली, पुन्हा लागली आणि थांबली. प्रत्येक वेळी जरा उशिराने.

ती त्याला थोपटत राहिली. डोकं वर करून कॉलरच्या आत तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय दिसलं असतं, हा विचारही तिने केला नाही. ती फक्त, न मोजता, पुढच्या उबेची वाट पाहत होती. एकदा ती आली नाही. सिल्वीका तरीही थोपटत राहिली. थोड्या वेळाने ओनाल्चे आणि वेत्कान तिला शोधत आले, तेव्हा तिच्या मांडीवर साधा निळा कोट होता. वेत्कानने तो दोन बोटांनी उचलला.

तिला घरी नेलं. चाचावी आजी ओनाल्चेंच्या पायरीवर बसून होत्या. त्या रात्रभर तिच्या शेजारी बसून राहिल्या, आणि मधूनच तिच्या खाजऱ्या, लाल पडलेल्या हातांना आंबट साय लावत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरून, त्या मोठ्या स्टेशनाच्या शहरातून, फोन आला. हिवाळ्यापासून तिथल्या एका दवाखान्यात डोक्याला मार लागलेला, चेहरा पट्ट्यांत झाकलेला, नावगाव नसलेला एक तरुण बेशुद्ध होता. आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळताना, त्याने डोळे उघडले, नाकातली नळी हाताने बाजूला केली आणि काहीतरी विचारलं. शेजारच्या खाटेवरच्या मारी म्हाताऱ्याला तो आपल्याच बोलीतला शब्द कळला, ‘आत्ता?’, म्हणून हरवलेल्या मारी माणसांच्या यादीत शोधलं आणि त्याच्या गावाचा तपास लागला. त्यानंतर तो तासभरच होता. फोन ओनाल्चेंनी घेतला होता. सिल्वीका तेव्हा कोठीमागे, नेटलच्या झुडपांत, उघड्या हातांनी अन्नाचे तुकडे शोधत होती.